आठ वाजता क्वालालंपूर

लातूरच्या आडत बाजारात सकाळी आठला
अजून एकही पोतं उसवलेलं नसतं,
पण क्वालालंपूर उघडलेलं असतं.
मी मोबाइल गल्ल्याला टेकवून उभा करतो
आणि फळ्यावर खडूनं लिहितो : केएलसी.
त्यापुढे रिंगिटमधला आकडा.
रिंगिट मी कधी हातात धरलेला नाही.

रुक्मानंद हमाल खांद्यावरचं फडकं झटकत विचारतो,
"काय म्हनालेत आज तुमचे दोघं शेजारी?"
नावं त्याला नीट येत नाहीत.
थोरला म्हणजे इंडोनेशिया, धाकटा म्हणजे मलेशिया,
आणि मधलं मलाक्काचं चिंचोळं पाणी
त्याच्या लेखी बांध.
"कोन कोरालाय बांध?" एवढंच त्याला हवं असतं.

थोरल्यानं पामतेल अडवलं
की धाकट्याचा भाव चढतो
आणि इथं सोयाबीन मान वर काढतं.
थोरल्यानं वाट मोकळी केली
की बंकटशेठ पंखा लावायला सांगतात,
भर डिसेंबरात.

परवा दोघांचे मंत्री भेटले.
फोटोत दोघांच्या अंगात बाटिकचे शर्ट,
आणि ही नक्षी मुळात कुणाची
यावरही म्हणे जुनी धुसफूस.
हात मात्र घट्ट.
किती घट्ट, ते शेठनी दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिलं
आणि दोन गाड्यांचा सौदा थांबवला.

शेठचा पुतण्या पेनांगला असतो.
तो सांगतो :
थोरल्याच्या रानात आग लागते,
धूर धाकट्याच्या शाळांत शिरतो,
पोरांना सुट्टी मिळते.
निषेधाचं पत्र जातं. सभ्य उत्तर येतं.
त्या जळक्या रानात काही कंपन्या धाकट्याच्याच.
आणि धाकट्याच्या बागांत उंच झाडांवरून
काट्यांचे घड उतरवणारी माणसं थोरल्याची,
काही कागदांसकट, काही रात्रीच्या बोटीनं.

भाषाही म्हणे एकाच विहिरीतली.
पण 'पर्चुमा' म्हटलं
तर या तीरावर फुकट,
त्या तीरावर वाया गेलेलं.
करार लिहिणाऱ्यांना झोप कशी लागत असेल?

असला शेजार कुठे पाहिला नाही, असं मी म्हणणार होतो.
मग भालकीची बहीण आठवली.
उदगीर सोडलं की थोड्याच वेळात बोर्ड कानडी होतात,
भांडणं मराठीच राहतात.
दाजी फोन करतात : "हितं पन्नास जास्तीयत, टेम्पो काढ."
आठवड्यानं तेच वाक्य मी त्यांना ऐकवतो.
एकदा नाक्यावर आमचे दोन्ही टेम्पो समोरासमोर आले.
दोघांनी हॉर्न दिला.
त्या रात्री फोन कुणीच केला नाही.

साडेतीनला तिकडचा बाजार मिटतो.
मी फळा ओल्या फडक्यानं पुसतो,
आठाचा खालचा गोल तेवढा राहतो.

ओट्याखाली सुदामतीबाई
सांडलेले दाणे खडे-मातीसकट गोळा करते.
वर्षानुवर्षं तिचा न लिहिलेला करार आहे :
पोत्यातलं शेठचं,
पोत्याबाहेरचं तिचं.
मापाडी आणि हमाल याला साक्षी,
आणि रुक्मानंद हुक मारताना
मुद्दाम थोडा जोरात मारतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

आज पाटीत दीडेक किलो असेल.
ती पाटी माझ्या टेबलावर ठेवते,
फळ्याकडे बघते, वाचता येत नसून बघते.
"ह्याला कोनता भाव लावालाव दादा,
हितला का तिथला?"

रुक्मानंद हसतो.
मी लहान काटा ओढून घेतो,
पासंग तपासतो,
आणि पहिल्यांदाच
वजन करताना माझा हात हलतो.